हाई गाडी कोनं आयकस?

आषाढात आक्का स्कूटरसकट बांधावरून चिखलात गेली. हे तिने मला सांगितलं नाही, सालदाराच्या पोराने फोन करून सांगितलं. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "स्कूटर पडनी. मी फक्त तिन्हासंगे व्हतू."

चोपडा तालुक्यात, तापी आणि सातपुड्याच्या मधल्या काळ्या पट्ट्यात तिची नऊ एकर केळी आहे. मेहुणे गेल्यापासून मृगबाग आणि कांदेबाग ही केळीची दोन्ही लागणी, ठिबक, व्यापारी, सगळं तीच बघते. वय अठ्ठावन्न. डावा गुडघा गेलेला, त्यामुळे ट्रॅक्टरचा क्लच दाबणं डॉक्टरांनी बंद केलंय. स्कूटर मात्र ती चाळीस वर्षांपूर्वीच्या पोरींसारखीच चालवते. कायनेटिक होंडा १९८४ मध्ये आली, ९८ सीसीची, बटण दाबलं की सुरू होणारी आणि गिअर नसलेली. पुढे काही वर्षांनी आमच्या गल्लीत एक आली, तेव्हा ती सगळ्यात आधी शिकली ती आक्का. मी तेव्हा सायकलवर होतो आणि गिअर नसलेल्या गाडीला गाडी म्हणायचं का, यावर मित्रांशी वाद घालत होतो. माझं त्या वादातलं मत पुढे तीस वर्षं टिकलं, हे कबूल करायला हवं.

"तू पोरांले गाडी शिकाडस ना?" तिने विचारलं. "मग माले एक करी दे. चार चाकं, दोन पेडल. क्लच नको."

मी धुळ्याला तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं अर्धं कापलेलं मॉडेल आहे, लाल-निळ्या रंगात रंगवलेलं. त्यावर बोट ठेवून मी इतक्या वर्षांत हजारभर पोरांना समजावलं असेल. पण असा गिअरबॉक्स स्वतःच्या हाताने एखाद्या इंजिनला कधी जोडला होता का? नव्हता. तरी मी हो म्हणालो. मोठ्या बहिणीला नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही.

पहिली बग्गी, म्हणजे पाइपच्या सांगाड्याची उघडी चारचाकी, स्कूटरच्या इंजिनावर केली. ११० सीसी, आठेक हॉर्सपॉवर, पुली-बेल्टचा ऑटोमॅटिक त्याच्याच पोटात. दीड इंची पाइपचा सांगाडा वाकवला, वेल्डिंग केलं, पुढे रिक्षाची चाकं लावली. शेडमधून बाहेर काढली तेव्हा आक्का तिच्याभोवती एक चक्कर मारून आली. बाजारात बैल बघतात तशी. मग तिने तो प्रश्न विचारला, जो पुढे तीन वर्षं मला पुरला: "हाई गाडी कोनं आयकस रे भो? मन्हं, का सोतानं?"

मी म्हणालो, रोलरचं ऐकते.

हसण्यासारखं असलं तरी उत्तर खरं आहे. पुढच्या पुलीच्या आत सहा छोटे रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पुलीचे दोन गाल जवळ आणतात. गाल जवळ आले की मधला बेल्ट वर सरकतो. बेल्टची लांबी तर तेवढीच, म्हणून मागच्या पुलीत तो खाली उतरतो. इथे पुली मोठी होते, तिथे लहान होते, आणि गिअर न बदलता गिअर बदलत राहतो. मागच्या पुलीला स्प्रिंग आणि तिरकी खाच असते. चढ आला, ओझं वाढलं की ती बेल्टला परत वर ओढते. म्हणजे पुढची पुली इंजिनाचं ऐकते, मागची रस्त्याचं, आणि दोघींची ओढाताण मिटते तिथे गाडी चालते. चालवणाऱ्याने फक्त रेस द्यायची.

हा पट्ट्याचा खेळ जुना आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये डाफ ६०० नावाची मोटार काढली, ५९० सीसीची, दोन सिलिंडरची, हवेवर थंड होणारी. एवढ्याशा इंजिनाला त्यांनी क्लचचं पेडल आणि बदलायचे गिअर न देता रबरी पट्टे दिले. त्या गाडीची एक गंमत मी पोरांना दरवर्षी सांगतो: ती मागेही पुढच्याइतक्याच वेगाने जाऊ शकायची, कारण पट्ट्यांना दिशेशी देणंघेणं नाही. पुढे त्या देशात या गाड्यांच्या उलट्या धावण्याच्या शर्यतीसुद्धा झाल्या.

आमच्या बग्गीला मात्र रिव्हर्सच नव्हता. स्कूटरला कशाला असेल? केळीच्या दोन ओळींमध्ये आक्का गाडी घालायची, पुढे ठिबकची नळी आडवी आली की खाली उतरायची, आणि गुडघ्याला हात लावून गाडी मागे ढकलायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नजर दुसरीकडे वळवली.

रिव्हर्सचं काहीतरी करता आलं असतं. बेल्टचं करता आलं नाही. ते इंजिन दोन माणसं धरून अडीचशे किलो डांबरी रस्त्यावर ओढण्यासाठी केलेलं. आमचा सांगाडा, आक्का, मागे दोन-चार घड असं मिळून साडेतीनशेच्या पुढे, तेही वाफसा आलेल्या काळ्या जमिनीत. भाचा कॉलेजात असताना बाहाच्या टीममध्ये होता. पिथमपूरला विद्यार्थ्यांच्या स्वतः बनवलेल्या बग्ग्यांची जी स्पर्धा भरते, २००७ पासून, ती. तिथे त्याच्या वेळी दहा हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं ३०५ सीसी इंजिन संघांना सारखं असायचं आणि पुष्कळ पोरं त्याला बेल्टचा ऑटोमॅटिकच लावायची. त्याने पुण्याहून फोनवर सल्ला दिला, "मामा, रोलर हलके घाला, इंजिन आधी फिरू द्या." घातले. गाडी जरा जोरात उचलू लागली. मग तो दुसरं वाक्य म्हणाला, जे पहिल्यांदा म्हणायला हवं होतं: "पण मामा, तुम्ही बेल्टच्या मागे वेगळा रिडक्शन टाकलाय ना?"

नव्हता टाकला. पोरं स्पर्धेत बेल्टच्या मागे दात्यांची एक जाड पेटी बसवतात. फेरे कमी करून जोर वाढवण्याचं खरं काम तीच करते, बेल्ट फक्त वरवरचं बघतो. मी सगळं बेल्टच्याच गळ्यात घातलं होतं. अकराव्या दिवशी जळक्या रबराचा वास केळीभर पसरला. माझ्याच विषयात माझ्याच भाच्याकडून नापास झालो, आणि तोही फोनवर.

आता दुसरी बग्गी. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे आणि अक्कल दोन्ही हिच्यात सगळ्यात जास्त गेले.

भंगारात मारुती ८०० चं इंजिन मिळालं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, साधारण ३७ हॉर्सपॉवर. छोटं, आटोपशीर, दोघांनी उचलून ट्रॉलीत टाकता येईल असं. खानदेशातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला डोळे बांधून उघडता येतं. त्याच दुकानात एका दीड लिटरच्या जुन्या सेडानचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पडलेला दिसला, टॉर्क कन्व्हर्टरसकट. माझ्या मनात लगेच लाल-निळं मॉडेल फिरू लागलं.

दोघांचे बोल्ट जुळत नव्हते. मध्ये बारा मिलिमीटरची पोलादी प्लेट करावी लागली. लेथवाले चाचा म्हणाले, "प्लेट मैं बना दूँगा, सेंटर आप देखना." सेंटर म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा, क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य. दोन्हींत दहावा भाग मिलिमीटरचा फरक पडला तरी पुढे पंपाचं सील जातं, बुश जातं. डायल गेज लावून दोन रात्री आम्ही ती प्लेट सरकवली, ठोकली, पुन्हा मोजली. शेवटी काटा जेमतेम थरथरला आणि चाचांनी चहा मागवला. जोडणी झाली असं मला वाटलं. लोखंडाची झाली होती.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एक चालू, दुसरा बंद. पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो, फक्त इथे वाऱ्याऐवजी तेल. मध्ये तिसरं पात्यांचं चाक असतं, ते परत येणाऱ्या तेलाला वळण लावतं, त्यामुळे गाडी निघताना जोर जवळपास दुप्पट होतो. हेरमान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते मोटारीसाठी नव्हतं, जहाजासाठी होतं. वाफेच्या टर्बाइनचा प्रचंड वेग जहाजाच्या पाण्यातल्या पंख्याला झेपेल इतका उतरवायचा प्रश्न त्याच्यासमोर होता. जहाजासाठी जन्मलेली वस्तू आम्ही तापीकाठच्या केळीत आणली.

गाडी सुरू झाली. पुढे जायच्या डी मध्ये टाकली. हळूच सरकली, लोण्यासारखी. आक्काच्या चेहऱ्यावर मी तेवढ्या काळापुरता मोठा इंजिनिअर झालो. मग तिने पाटचारीचा चढ घेतला आणि गाडी मध्यावर उभी राहिली. इंजिन बंद पडलं नाही, चाक घसरलं नाही. एक्सलरेटर तळाला लावलेला, इंजिन कण्हतंय, आणि गाडी जागेवर.

आम्ही स्टॉल टेस्ट घेतली. ब्रेक घट्ट दाबायचा, डी मध्ये टाकायचं, पूर्ण रेस द्यायची आणि इंजिन किती फेऱ्यांवर अडकतं ते बघायचं. पाच सेकंदांच्या आत पाय काढायचा, नाहीतर तेल उकळतं. काटा चौदाशेवर येऊन थांबला. पुढे जाईचना.

त्या रात्री मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेलं सूत्र वहीत लिहिलं. कन्व्हर्टर जो जोर गिळतो तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो आणि त्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताने. पाचव्या! व्यास एक दशांशाने कमी असता तरी गिळणं चाळीस टक्क्यांनी उतरलं असतं. हा कन्व्हर्टर दीड लिटरच्या इंजिनासाठी घडवलेला. ते इंजिन त्याला बावीसशे फेऱ्यांपर्यंत रेटत असणार. आमचं इंजिन चौदाशेवर पन्नासेक न्यूटन-मीटर देतं, आणि तेवढ्यात कन्व्हर्टर म्हणतो, बस. चौदाशे फेऱ्यांवर पन्नास न्यूटन-मीटर म्हणजे गणित करा, दहा हॉर्सपॉवर. ३७ घोडे विकत आणले होते, त्यातले सत्तावीस तबेल्यातच बांधलेले. आणि जे दहा सुटले त्यांचीही सगळी मेहनत, गाडी उभी असताना, तेल तापवण्यात. सात किलोवॅटच्या वर. पाणी तापवायचे सात हीटर एका बादलीत सोडल्यासारखं. बाहेर मे महिना, सावलीत पंचेचाळीस.

गंमत म्हणजे हे आक्काला सूत्राशिवाय कळलं होतं. "मोठा बैलसंगे गोऱ्हा जुपा तू," ती म्हणाली.

आमच्या आप्पांकडे एकदा खरंच अशी विजोड जोडी होती. एक थोराड, एक नुकता जुंपायला लागलेला. आप्पा जू मधोमध बांधत नसत. बांधायची जागा थोराड बैलाच्या बाजूला चार बोटं सरकवत, म्हणजे गोऱ्ह्याच्या वाट्याला जुवाचा लांब हात यायचा आणि ओझं कमी. तरफेचा नियम त्यांनी कुठे वाचला नव्हता. आक्काला ते आठवत होतं, कारण शिवळा काढून द्यायचं काम तिचं होतं. मला आठवत नव्हतं, कारण मी तेव्हा अभ्यास करत होतो.

जू सरकवायचं म्हणजे इथे लहान व्यासाचा कन्व्हर्टर शोधायचा. लहान इंजिनाला त्याच्याच मापाचा ऑटोमॅटिक हवा. असे जोडलेले संच आपल्याकडे होतेही: मारुती झेनचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक ९९३ सीसीच्या इंजिनावरच येत असे. पण तो भंगारात मिळणं म्हणजे पितृपक्षात मुहूर्त मिळणं. दोन महिने शोधला. मग दुसरी बग्गी ताडपत्रीखाली गेली.

मधल्या काळात डिसेंबरात सारंगखेड्याला गेलो, दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजार बघायला. घोडा घ्यायचा नव्हता, जाणाऱ्यांबरोबर जायचं होतं. तिथे रेतीत माणसं घोडे चालवून दाखवत होती आणि जाणकार फक्त पायांकडे बघत होते. मी एका पांढऱ्या घोड्याकडे बघत राहिलो. चालता चालता तो दुडकीत गेला, दुडकीतून चौखूर, आणि परत उतरला. स्वाराने लगाम जरा सैल सोडला, एवढंच. घोडा चाल का बदलतो हे अमेरिकेत १९८१ मध्ये फिरत्या पट्ट्यावर घोडे पळवून, त्यांचा श्वास मोजून तपासलं गेलं होतं. जिथे दुडकी महाग पडायला लागते, म्हणजे तेवढंच अंतर तोडायला जास्त प्राणवायू लागतो, तिथे घोडा आपोआप चौखूर धरतो, असं तेव्हा दिसलं. त्याच्या गिअरबॉक्सला एकच प्रश्न माहीत असतो: आत्ता कुठल्या चालीत कमी दमेन? बेल्टला हे थोडंफार जमतं. माझ्या कन्व्हर्टरला जमायचं कारण नव्हतं, त्याला भलत्याच्या श्वासाचं माप दिलं होतं.

परतीच्या वाटेवर शहाद्याच्या अलीकडे एका शेडबाहेर धूळ खात उभी असलेली नॅनो दिसली. मागे ऑटोमॅटिकचं चिन्ह.

नॅनोबद्दल लोक काय काय बोलतात. बग्गी करणाऱ्याने मात्र तिच्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघावं. इंजिन मागे, ओढ मागच्या चाकांवर, ६२४ सीसी, दोन सिलिंडर, ५१ न्यूटन-मीटर, आणि २०१५ पासून पाच गिअरचा एएमटी. इंजिन, गिअरबॉक्स, चाकांपर्यंत जाणारे हाफ शाफ्ट, सगळं एका गाठोड्यात, कारखान्यातच एकमेकांच्या मापाने बांधलेलं. मला प्लेट करायची नाही, सेंटर बघायचा नाही. कागद जमा केलेली गाडी होती, भाव ठरला, टेम्पोत घातली.

एएमटी हा आतून साधाच गिअरबॉक्स. क्लच प्लेट तीच, दाते तेच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या पायाहाताऐवजी यंत्राचे पायहात, आणि त्यांना हुकूम देणारा एक छोटा कॉम्प्युटर. तेलात जोर वाया जात नाही, म्हणून गरीब इंजिनाला हा जोडीदार परवडतो. तोटा एवढाच की गिअर बदलताना क्लच दाबलेला असतो तेवढा क्षण गाडी श्वास रोखते.

आक्काने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "ही कॉम्प्युटरचं ऐकते."

"आनि कॉम्प्युटर कोनं आयकस?"

हे चार दिवसांनी कळलं. सांगाडा झाला, गाठोडं मागे बसलं, इंजिन सुरू झालं, पण गाडी न्यूट्रलमधून हलेना. मी गिअरबॉक्स संशयाने उघडायला निघालो होतो. वायरिंगवाल्या पोराने थांबवलं. मी मागच्या दिव्यांच्या तारा कापून फेकल्या होत्या, शेतात कशाला हवेत ब्रेक लाइट म्हणून. ब्रेकच्या बटणाची तारही त्याच जुडग्यात गेली होती. पाय ब्रेकवर आहे अशी खात्री पटल्याशिवाय कॉम्प्युटर गिअर घालू देत नाही. आक्काचा पाय ब्रेकवर होता, दाबून दुखत होता, पण त्याला कुणी कळवलंच नव्हतं. वीतभर तार जोडली आणि गाडी चालली. तीन वर्षांतली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

टायरचा मोह मला झालाच. मूळ मागचं चाक साधारण ५०६ मिलिमीटरचं, मी पंचवीस इंची चिखलाचे टायर लावले, ६३५ मिलिमीटरचे. दिसायला झकास. पण चाक पाव पटीने मोठं झालं की जमिनीवरची ओढ एक पंचमांशाने घटते, हे मीच शिकवतो. बावीस इंचींवर आलो तेव्हा गाडी पुन्हा माणसात आली.

रस्त्यावर ती कधी जाणार नाही. मूळ रचना बदललेली गाडी रस्त्याला चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलंय, आणि आमच्याकडे तर बदलायला मूळ रचनाच उरलेली नाही. एमएच-१९ ची पाटी तिच्या नशिबात नाही. बांध ते बांध एवढंच तिचं राज्य. मला त्यात गैर वाटत नाही. माझ्या वेल्डिंगवर माझा विश्वास आहे, पण ट्रकसमोर नाही.

गेल्या श्रावणात गेलो तेव्हा आक्काने मला शेजारी बसवून शेत दाखवायला नेलं. पाऊस पडून गेलेला, जमीन चिकट. पहिल्या चिखलात कॉम्प्युटरने पहिल्यातून दुसरा टाकायला क्लच दाबला, आणि त्या श्वासभर वेळात गाडी रुतणार हे मला दिसलं. माझा डावा पाय आपोआप फळीवर दाबला गेला. तिथे काही नव्हतं. आक्काने मात्र त्याआधीच डाव्या हाताने दांडी बाजूला ढकलून एम वर, म्हणजे मॅन्युअलवर, नेली होती. गाडी पहिल्यातच राहिली, चाकं चिखल उडवत बाहेर आली.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. एम चा अर्थ मी तिला कधी समजावलाच नव्हता, उगाच गोंधळेल म्हणून.

"इकडे ढकली की ती मन्हं आयकस," ती म्हणाली. "कोल्ली जागा राहिनी की परत तिन्हं तिले." कोल्ली म्हणजे कोरडी.

कापणी चालू होती. ओळीच्या टोकाशी तिने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, कारण हिला पार्किंगचा गिअर नाही हे तिच्या पक्कं लक्षात आहे. सालदार दोन घड खांद्यावर घेऊन आला आणि कुठे ठेवायचे म्हणून उभा राहिला. मागे सगळी जागा इंजिनाने खाल्लेली. आक्काने घडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आनि या घड कथा ठेवू? तुन्हा मांडीवर?"